कापडाच्या अटी

वडगाव मावळचे नाव शाळेच्या इतिहासात एकदाच भेटते. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून पुण्यावर चालून निघालेल्या इंग्रजी फौजेची इथे कोंडी झाली आणि तिला तह करावा लागला. त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांच्या आत मुंबईचे आणखी एक मागणे घाट चढून याच तालुक्यात आले. त्याच्यामागे फौज नव्हती, मोजणीदार होते, आणि त्या वेळी माघार मावळाला घ्यावी लागली. ते मागणे कापडगिरण्यांचे होते. चाती आणि साचे फिरवायला त्यांना वीज हवी होती, आणि ती मावळच्या पावसात दडलेली आहे हे कोणाच्या तरी ध्यानात आले होते. आज वीजवाहक शाई कापडावर छापून, हृदयाचे ठोके टिपणारा सदरा किंवा स्पर्श ओळखणारी बाही तयार करण्याच्या उद्योगाचा इतिहास सांगितला जातो, तेव्हा तो बहुधा १९९०च्या दशकातल्या अमेरिकी प्रयोगशाळांपासून सुरू होतो. मला तो मावळापासून सुरू करावासा वाटतो. कारण वीज आणि कापड यांची मोठ्या प्रमाणावरची पहिली गाठ आपल्याकडे मावळातच बांधली गेली, आणि त्या गाठीत जी गोष्ट दिसते तीच पुढे शाईच्या बाबतीतही दिसते. वीज नवी असते, दिमाखात येते. अटी मात्र कापड घालते. विजेने कापड बदलले असे म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे. पुरावा उलट दिशेने बोलतो.

टाटांच्या जलविद्युत योजनेपासून सुरुवात करू. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस साठवून तो कोकणाच्या बाजूला सोडायचा, ही कल्पना मुंबईत काम करणाऱ्या डेव्हिड गॉसलिंग यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली होती. जमशेटजी १९०४ मध्ये वारले. कंपनी १९१० मध्ये उभी राहिली, वळवणच्या धरणाची कोनशिला फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते बसली, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी कळ दाबून वीज सुरू केली. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तीन तलावांचे पाणी कालव्याने घाटाच्या कडेला आणले गेले. तिथून सुमारे सव्वापाचशे मीटर खाली, खोपोलीच्या वीजघरापर्यंत, ते नळांतून उतरले. तिथून एक लाख व्होल्टच्या तारांनी ही वीज सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या परळला पोचली. इंद्रायणीच्या खोऱ्यातले, देहू-आळंदीकडे जाणारे पाणी अशा रीतीने पाताळगंगेत पडू लागले. या योजनेतली विलक्षण गोष्ट तिचा उतार नव्हे. असा उतार सह्याद्रीत जागोजागी आहे आणि पावसाळ्यात प्रत्येक कड्यावरून धबधबा कोसळतो. विलक्षण गोष्ट म्हणजे साठा. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नुसती वीज करायची असती तर वाहत्या पाण्यावर पावसाळी वीजघर चालले असते. गिरणी मात्र मोसमी नसते. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांतही त्रासन, म्हणजे सूतकताईच्या, खात्यातली चाती फिरत राहायला हवीत, आणि दर दिवशी ठरलेल्या तासांना फिरायला हवीत. म्हणून चार महिन्यांचे पाणी बारा महिन्यांना पुरवावे लागले, म्हणून तलाव एवढे मोठे झाले, आणि म्हणून खोऱ्यांच्या तळाची भातखाचरे पाण्याखाली गेली. तलावाची रेघ नकाशावर अभियंत्यांनी ओढली हे खरे. पण ती किती उंचीवर ओढायची हे गिरणीच्या कामाच्या दिवसांनी ठरवले.

गिरणीची दुसरी अट वेगाची होती. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढली, आणि पुढची साठ वर्षे गिरण्या वाफेवर चालल्या. एक अवाढव्य इंजिन, त्याच्या चाकावरून मजल्यामजल्यावर गेलेले जाड दोर, छतालगतचे लांबच लांब शाफ्ट आणि शाफ्टवरून प्रत्येक यंत्रावर उतरलेले चामडी पट्टे, अशी ती रचना होती. वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या पुढेमागे होतो, त्यामुळे फिरण्याच्या वेगात बारीक हेलकावे येतात. दोर आणि पट्टे घसरतात, त्याने ते वाढतात. लोखंड कापायच्या कारखान्यात एवढ्याने बिघडत नाही. कापसाच्या सुताला मात्र ताणाची अतिशय बारीक जाण असते. वेग क्षणभर वाढला की तार तुटते, तुटली की सांधणाऱ्याचा हात लागतो, आणि तेवढा वेळ ते चाते रिकामे फिरते. विजेची मोटर गिरणीला प्रिय झाली याचे एक कारण कोळशाची बचत होते, कारण कोळसा लांबून, बंगालमधून किंवा जहाजाने, यायचा. दुसरे कारण होते तिची संथ, एकसारखी गती. सूत दमट हवेत कमी तुटते म्हणून गिरणीत पाण्याचे तुषार सोडले जात. शिवाय हवेत सतत कापसाची रू तरंगत असे. त्या ओलाव्यात आणि त्या तुसात टिकतील अशा बंदिस्त मोटरी लागल्या. म्हणजे वीज परळला पोचली तेव्हा गिरणीने तिच्यासाठी दारे नुसती उघडली नाहीत. इतक्या गतीने ये, इतक्या ओलाव्यात टिक, वर्षातला एकही महिना चुकवू नकोस, असे तिला सांगितले.

यावर एक आक्षेप सरळ आहे. टाटांना वीज विकायची होती. सर्वांत मोठे गिऱ्हाईक त्या वेळी गिरण्या होत्या. उद्या ते आगगाड्या झाले, परवा घरे झाली. मग कापडाला एवढे श्रेय का? आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. ऐंशीहून अधिक गिरण्यांची मुंबई समोर नसती तर एवढे भांडवल घाटावर कोणी ओतले नसते, आणि गिरण्या गेल्या तरी वीजघरे राहिलीच. पण क्रम पाहिला पाहिजे. पहिल्या गिऱ्हाइकाच्या गरजेनुसार जे बांधले जाते ते दगडात बांधले जाते. नंतरची गिऱ्हाइके त्या दगडाशी जुळवून घेतात. मुंबईत विजेची रेल्वे १९२५ मध्ये धावली तेव्हा वळवणची भिंत दहा वर्षे उभी होती. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगाव विझत गेले, साचे भंगारात निघाले, पण त्या साच्यांच्या सोयीने आखलेले तलाव आजही त्याच पातळीला भरतात, आणि पश्चिमेला वळवलेले हे पाणी पुन्हा पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात सोडावे ही मागणी आजही होते. उद्योग मेला तरी त्याच्या अटी जमिनीवर जिवंत राहिल्या, याहून कापडाच्या वजनाचा मोठा पुरावा मला सुचत नाही.

अटी कापडाच्या होत्या. किंमत माणसांनी मोजली. ही बाजू न सांगता पुढे गेलो तर हा इतिहास यंत्रांचाच होऊन बसेल. विजेचा गिरणीतला पहिला प्रवेश मोटर म्हणून झालेला नव्हता, तो दिवा म्हणून झाला होता. १९०५च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले, आणि तोवर सूर्याने घातलेली मर्यादा नाहीशी झाली. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला, कामगारांनी निषेध केला, सरकारला आयोग नेमावा लागला, आणि १९११च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला गेला. घाटावर दुसरी किंमत चुकती होत होती. वळवण आणि शिरोत्यानंतर आंध्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. त्याच सुमारास शेजारच्या मुळशी पेट्यात निळा-मुळेच्या संगमाजवळ तिसरे धरण बांधायला घेतले गेले आणि पन्नासहून अधिक गावांवर पाणी येणार हे उघड झाले. तिथल्या मावळ्यांनी एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यातून. विनायकराव भुस्कुटे यांनी तो लढा चालवला आणि लिहूनही ठेवला. मुळशीचा लढा हरला, भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते, आणि तो ज्या विजेविरुद्ध होता तिचे मुख्य गिऱ्हाईक कापड होते, ही गोष्ट त्या लढ्याच्या आठवणीतून हळूहळू निसटली आहे.

आता गिरणीतून थोडे मागे, विजेच्या जन्माजवळ जाऊ. २९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरडेने लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली आणि एकातला प्रवाह तुटताच दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उमटतो हे पाहिले. जगातला तो पहिला ट्रान्सफॉर्मर. त्या तारेचे वेढे एकमेकांना शिवू नयेत म्हणून त्याने मध्ये वापरले होते सुती दोरी आणि सुती कापड. पुढची शंभर वर्षे हेच चालू राहिले. तारेभोवती सूत किंवा रेशीम विणले जाई, मोटरीच्या वेटोळ्यांवर सुती फीत गुंडाळली जाई, तेल-वार्निश पाजलेले तलम कापड थरांमध्ये बसवले जाई. परळला उतरणारी मावळची वीज ज्या यंत्रांतून फिरली त्यांच्या पोटातही कापड होते. म्हणजे कापड विजेच्या शेजारी पहिल्यापासून आहे, पण अडवणारा म्हणून. त्याच कापडाला वाहक करायचे, तेही त्याची लवचीकता, हवेशीरपणा आणि धुण्याची सोय शाबूत ठेवून, हे त्याच्या सगळ्या स्वभावाविरुद्ध जाणे आहे. आजच्या छपाईवाल्यापुढचा पेच इथून सुरू होतो.

कापडावर धातू चढवण्याचा पेच मात्र आपल्याला नवा नव्हता. पैठणीच्या पदरातली जर ही चांदीच्या लगडीपासून सुरू होते. लगड ठोकून, छिद्राछिद्रांतून ओढून केसासारखी तार काढायची, ती चपटी करायची, आणि रेशमाच्या धाग्याभोवती अशी वळवायची की धागा दिसू नये पण वाकावा मात्र रेशमासारखाच. १८८५ मध्ये छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शहरातल्या सोन्या-चांदीच्या तारेच्या धंद्याचे बारकाईने वर्णन आहे. तार ओढणारे, चपटी करणारे, गुंडाळणारे अशी कामाची वाटणी होती आणि प्रत्येक पायरीचे हात वेगळे होते. ही तार विजेच्या दृष्टीने उत्तम वाहक आहे, पण तिला तसे कोणी पाहिले नव्हते. १९९७-९८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी सुरुवातीची कापडी सर्किटे बांधली तेव्हा त्यांनी निवडले ते रेशमी ऑर्गन्झा: ताणा साध्या रेशमाचा आणि बाणा तांब्याच्या पत्र्याने वेढलेल्या रेशमी धाग्याचा. ज्या गुणांसाठी त्यांनी ते निवडले, म्हणजे आत रेशमाची ताकद, बाहेर धातूची वाहकता आणि दोन धाग्यांमधले अंतर, ते गुण जरीच्या कारागिराने शोभेसाठी साधलेले असतात. कापडाच्या अटी पाळून धातू कसा वापरावा हे तार ओढणाऱ्या तारकसाला ठाऊक होते, आणि संगणकाच्या प्रयोगशाळेने ते उत्तर तयारच उचलले.

जर विणली जाते. छपाईचा पूर्वज दुसराच आहे. संक्रांतीला नेसायच्या काळ्या चंद्रकळेवर खडीचे काम असे. डिंक, सरस किंवा शिजवून दाट केलेले तेल यांत खडीची पूड कालवून केलेला लगदा ठशाने किंवा भोके पाडलेल्या पितळी साच्यातून कापडावर उमटवायचा, आणि तो ओला असतानाच वर वरख, धातूची पूड किंवा अभ्रक बसवायचे. सुकल्यावर जास्तीचे झटकले की नक्षी चमकू लागे. आजच्या वीजवाहक शाईची रचना तीन गोष्टींची असते: चांदीचे बारीक पापुद्रे किंवा कण, त्यांना धरून ठेवणारे बंधक द्रव्य, आणि उडून जाणारा द्रावक. खडीकामात यातल्या पहिल्या दोन गोष्टी आहेतच. फरक आहे तो कणांच्या संगतीत. चमकण्यासाठी कण वेगवेगळे पडले तरी चालतात, उलट विखुरलेले अधिक लकाकतात. वीज वाहायला मात्र कणाला कण टेकलेला असावा लागतो. हातात हात धरून उभ्या असलेल्या माणसांच्या साखळीत एकाने हात सोडला तर निरोप पुढे जात नाही, तसे. कणांचे प्रमाण एका मर्यादेखाली असले तर शाई जवळजवळ निरोधकच राहते, आणि मर्यादा ओलांडताच वाहकता एकदम उसळी घेते. म्हणून छपाईच्या चांदीच्या पेस्टमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक भाग चांदीच असते. आणि म्हणूनच ती शाई महाग, जड आणि ठिसूळ असते, म्हणजे कापडाला नको असलेले सगळे गुण तिच्या अंगी असतात.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. चंद्रकळा रंगवणाऱ्याला विजेशी कर्तव्य नव्हते. त्याला सर्किटचा पूर्वज ठरवणे म्हणजे आजचा अभिमान कालच्या माणसावर लादणे. असा अभिमान आपल्याकडे फार बोकाळला आहे आणि त्याला नकार दिलाच पाहिजे. खडीच्या नक्षीतून प्रवाह वाहत नव्हता, वाहावा अशी कोणाची कल्पनाही नव्हती, आणि वीजवाहक शाईचा शोध खडीकामातून निघाला असा एकही धागा मला दाखवता येणार नाही. माझे म्हणणे याहून मर्यादित आहे. शोध कोठूनही येवो, तो कापडावर उतरला की त्याला जी परीक्षा द्यावी लागते ती जुनी आहे. लगदा कापडात फार झिरपला तर नक्षी पसरते, वरच राहिला तर घडीवर तडकते. बंधक कमी झाले तर कण झडतात, जास्त झाले तर त्यांचे तेज बुजते. आणि धुतले की काय उरेल याची खात्री नसते. खडीचे वस्त्र लोक जपून, सणासुदीलाच नेसत, कारण या परीक्षेत ते अर्धेच उत्तीर्ण होते. आजची शाई त्याच प्रश्नपत्रिकेला बसली आहे, हे म्हणायला पूर्वजांचा गौरव करावा लागत नाही.

शाईची खरी वंशावळ इलेक्ट्रॉनिक्सची आहे, आणि तिच्यातही कापड भेटते. निरोधक पृष्ठावर साच्यातून वाहक शाई उमटवून सर्किट करण्याचे पेटंट चार्ल्स ड्यूकासने १९२५ मध्ये मिळवले. पण ही पद्धत मोठ्या प्रमाणात चालली ती दुसऱ्या महायुद्धात. तोफगोळ्याच्या नाकात बसणाऱ्या फ्यूजसाठी चिमुकली, धक्का सोसणारी सर्किटे हवी होती. अमेरिकेत मिलवॉकीच्या सेंट्रालॅब कंपनीने चिनी मातीच्या पातळ पट्टीवर चांदीचा रंग छापून ती पुरवली, आणि १९४७ मध्ये तिथल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने छापील सर्किटांच्या पद्धतींवर पुस्तिका काढली. ही छपाई स्क्रीनने होत असे, आणि स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेले तलम रेशमी कापड. या पद्धतीचे पेटंट १९०७ मध्ये सॅम्युएल सायमनने घेतले होते, मँचेस्टरमध्ये, म्हणजे कापडाच्याच शहरात. सर्किटे पहिल्यांदा भरघोस छापली गेली ती रेशमाच्या छिद्रांतून. कापड तेव्हा अवजार होते, जागा नव्हती. जागा होती चिनी माती, आणि तिची काही अट नव्हती. ती सपाट होती, ताठ होती, आणि पुढे प्रचलित झालेल्या पद्धतीत तिला ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालता येई. त्या उष्णतेत चांदीचे कण न वितळताही एकमेकांना सांधून सलग होत आणि वाहकता सहज मिळे.

कापडावर येताच हे सगळे संपते. पॉलिएस्टर २५० ते २६० अंशांना वितळते, त्याच्या बरेच आधी आकसते. सुती कापड दीडशेच्या पुढे फार वेळ ठेवले की पिवळे पडते. तेव्हा शाईला सव्वाशे-दीडशे अंशांच्या आत, काही मिनिटांत पक्के व्हावे लागते, आणि तेवढ्यात कण एकमेकांना सांधत नाहीत, नुसते टेकतात. त्यामुळे छापलेल्या चांदीचा विरोध सलग चांदीच्या कितीतरी पट राहतो. दुसरे, कापड सपाट नसते. ताणा-बाण्याच्या प्रत्येक ओलांडणीवर उंचवटा आणि शेजारी खड्डा असतो, आणि तो चढउतार छापायच्या थराच्या जाडीपेक्षा जास्त असतो. तिसरे, ओलावा: नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही, तंतू फुगतो-आकसतो आणि थर त्याच्यासोबत हलतो. हाच ओलावा राखायला गिरणीत तुषार सोडले जात होते. चौथे, कापड वाकते, ताणले जाते, पिळले जाते. या अटींपुढे छपाईवाल्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आधी कापडावर पॉलियुरेथेनचा एक पाया छापला, जिथे सर्किट यायचे तेवढ्याच जागी, म्हणजे बाकीचे कापड श्वास घेत राहील. त्यावर चांदी, आणि तिच्यावर पुन्हा पॉलियुरेथेनचे आच्छादन. चांदी दोन लवचीक थरांच्या मध्ये ठेवली की वाकताना तिच्यावर ताण कमीत कमी येतो. दुसऱ्यांनी ताणली तरी न तुटणारी बंधके शोधली, तिसऱ्यांनी सरळ रेघेऐवजी नागमोडी रेघ छापली. प्लास्टिकमधून वीज वाहू शकते हे १९७७ मध्ये दाखवणाऱ्या हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली नोबेल मिळाले. त्या घराण्यातली द्रव्ये आणि २००४ नंतर ग्राफीन, तीही शाईत आली, चांदीपेक्षा कमी वाहक पण अधिक नरम म्हणून. या यादीतली एकही सुधारणा विजेच्या बाजूने मागितलेली नाही. प्रत्येक वेळी कापडाने नकार दिला आणि शाईने स्वतःला बदलले.

कोणी म्हणेल, मग छपाईचा हट्टच कशाला. वाहक धागा विणून टाका. लेव्हाय्स आणि गूगल यांनी २०१७ मध्ये बाजारात आणलेल्या, स्पर्श ओळखणाऱ्या जॅकेटची बाही तशी विणलेलीच होती. पण त्या उदाहरणाने माझाच मुद्दा पक्का होतो. तो धागा तांब्याची बारीक तार सुतात अशी मिसळून केला होता की तो नेहमीच्या मागावर, नेहमीच्या ताणाखाली चालावा; माग बदलायला कोणी तयार नव्हते. आणि तरीही त्या वस्त्राला धुण्यांची मर्यादा होती, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा मुख्य भाग काढून ठेवल्याशिवाय ते धुता येत नव्हते. छपाईचा फायदा वेगळा आहे: विणून तयार झालेल्या, शिवलेल्या कपड्यावरही ती करता येते, आणि हव्या तेवढ्याच जागी. महाराष्ट्राच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण छपाई, रसायने आणि कापड यांची विद्या इथे आधीच रुजलेली होती. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रशास्त्र विभाग १९३३ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यातल्या पहिल्या दोन शाखांपैकी एक कापडाच्या रसायनशास्त्राची होती. वरळीची कापड-संशोधन संस्था सस्मिरा १९५० ची, घाटकोपरची बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन १९५४ ची. दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पदार्थांचे केंद्र, सी-मेट, १९९० मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या पुण्यातल्या पाषाणच्या प्रयोगशाळेत छापून भाजायच्या वाहक पेस्टवर काम होत आले आहे. एकीकडे रंग सुताला कसा धरतो याचे ज्ञान, दुसरीकडे चांदी शाईत कशी टिकते याचे. मधल्या रस्त्यावर मावळ आहे. दोन्ही विद्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या टप्प्यात नांदत असूनही त्यांचे शिक्षण, त्यांच्या पदव्या आणि त्यांचे शब्द वेगळे राहिले, हे मला आपल्या औद्योगिक इतिहासातले मोठे नुकसान वाटते. कापडाच्या अटी ज्याला पाठ आहेत त्याला शाईच्या खोलीत बसवल्याशिवाय हा उद्योग पुढे जाणार नाही.

कापडाची एक अट अजून कोणी नीट पाळलेली नाही, ती म्हणजे जुने होण्याची. आपल्याकडे कापड फाटल्यावर संपत नसे. लुगड्याची गोधडी होई, गोधडीचे पायपुसणे होई, चिंधी पुन्हा बाजारात जाई. जरीचे तर विशेषच. जुन्या पैठणीचा, शालूचा पदर जाळून त्यातली चांदी परत काढता येई, आणि ती विकत घेणारे दारोदार फिरत. रेशीम जळे, धातू उरे, तोलला जाई. पॉलियुरेथेनच्या दोन थरांत काही मायक्रॉन जाडीने पसरलेली चांदी अशी हाती लागत नाही. ते कापड चिंधी म्हणूनही चालत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि धातू चिकटलेले असतात. धुताना झडलेली चांदी पाण्यात जाते आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना बाधते. संशोधनलेखात पन्नास धुण्यांनंतर विरोध किती वाढला याचा तक्ता असतो. एकावन्नाव्या धुण्यानंतर त्या वस्त्राचे काय करायचे याचा बहुधा नसतो. मावळात १९११ साली तलावाची पातळी ठरली तेव्हा पाण्याखाली जाणाऱ्यांचा हिशेब मागून झाला, आणि मुळशीच्या लोकांना त्यासाठी तुरुंगात जावे लागले. शाईच्या बाबतीत हा हिशेब छपाईच्या आधी मांडणे अजून शक्य आहे. पाया आणि आच्छादन उष्णतेने किंवा द्रावकाने सोलून निघेल असे निवडता येते. जिथे थोडीच वाहकता पुरते तिथे चांदीऐवजी कार्बन छापता येतो. आणि धुण्यांच्या तक्त्याशेजारी आणखी एक रकाना घालता येतो: वस्त्र टाकल्यावर त्यातली चांदी किती परत मिळाली.